पंधरा किलोंचं पाऊल

काटेबाई बाजारात शिरल्या की दुकानदार आधी काट्याचं पारडं पुसायचे आणि मग त्यांच्याकडे बघून हसायचे. हा क्रम कधी उलटा झाला नाही. कुणाच्या पारड्याखाली साखर ओली होऊन वाळलेली असे, कुणाच्या पारड्याखाली एखादं चुंबक ‘चुकून’ चिकटलेलं असे. असा चार ग्रॅमचा चिकटा सापडला की बाई तो चाकूच्या टोकावर घेऊन दुकानदाराच्या नाकासमोर धरत आणि म्हणत, “हे गिऱ्हाइकाचं आहे. परत द्या.” चिकटा परत कसा द्यायचा हे कुणालाच कळत नसे, पण वाद घालायची छाती कुणाची नव्हती.

वजनकाटे दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा, वडिलांकडून आलेला. डाव्या खांद्याला लाकडी पेटी, पेटीत मखमलीच्या खाचांमध्ये पितळी वजनं, अर्ध्या ग्रॅमपासून दोन किलोंपर्यंत, आणि ती उचलायला चिमटा. बारीक वजनाला बोट लावायचं नाही. बोटाचा घाम त्याला चिकटतो आणि मग ते वजन वजन राहत नाही, हे त्यांनी शहरातल्या निम्म्या पोरांना ऐकवलं होतं, पोरांनी विचारलं नसतानाही. पुढे इलेक्ट्रॉनिक काटे आले तेव्हा लोकांना वाटलं, बाईंचा कारभार आटोपला. बाईंनी ते काटेही उघडले. आत चार तारा आणि भरपूर धूळ निघाली, आणि त्यांचं काम दुप्पट झालं.

अशा बाईंना नवरा मिळाला तो शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तरांच्या धंद्यात सगळंच जरा जास्तीचं. शिवणीच्या आत दोन बोटं कापड जादा सोडायचं, त्याला शिंपी माया म्हणतात. म्हणजे गिऱ्हाईक पुढे सुटलं तर शिवण उसवून कपडा वाढवता येतो. आणि माणूस सुटतोच, हे मास्तरांचं चाळीस वर्षांच्या अनुभवातून आलेलं मत. बाईंना ते कधी पटलं नाही.

“छत्तीस म्हणजे छत्तीस. त्यात माया कसली?”

मास्तर तोंडातल्या टाचण्या सांभाळत म्हणत, “तुझ्या काट्यावर माणूस एकदा चढतो आणि उतरतो. माझ्या पँटीत त्याला वर्षं काढायची असतात.”

एवढं सोडलं तर त्यांचं बरं चाललं होतं. भांडण रोज, पण तेच ते, त्यामुळे त्रास कुणालाच नव्हता.

शेहेचाळिसाव्या वर्षी बाईंचा डावा खुबा कुरकुरू लागला आणि तो बदलला. नवा गोळा, नवी उखळी. अठरा वर्षं तो सांधा असा गुपचूप चालला की डावा कोणता नि उजवा कोणता हे बाईंना आठवावं लागे. मग हळूहळू जांघेत कळ यायला लागली. बाजारातून परतताना पेटी जड वाटू लागली. बाईंनी घरी आल्यावर पेटी काट्यावर ठेवून पाहिली. ती होती तेवढीच होती. म्हणजे दोष पेटीचा नव्हता.

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला आणि समजावून सांगितलं. उखळीतल्या कपाचं प्लॅस्टिक इतक्या वर्षांत कणाकणानं झिजलं होतं, आणि त्या कणांशी झुंजता झुंजता शरीरानं कपामागचं स्वतःचंच हाड खाऊन टाकलं होतं. घरात उंदीर शिरला म्हणून भिंत पाडावी, तशातला हा प्रकार.

“कप सैल झालाय. तो काढून नवा बसवायचा,” डॉक्टर म्हणाले. “पण मागे खड्डा पडलाय. तो आधी भरावा लागेल.”

“कशानं?”

“हाडानं. ज्यांचे खुबे बदलतात त्यांचा जुना गोळा निघतोच. त्यांची हरकत नसेल तर तो तपासून, गोठवून बोन बँकेत ठेवतात. त्याचा चुरा करायचा, खड्ड्यात भरायचा आणि ठोकून ठोकून घट्ट करायचा.”

“किती ग्रॅम?”

डॉक्टर थबकले. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. “दोन गोळे लागतील असं वाटतं. वजन नाही करत आम्ही.”

“म्हणजे अंदाजपंचे भरता.”

मास्तरांनी टेबलाखालून बाईंचा पाय दाबला. उजवा दाबला, तेवढं भान त्यांना होतं. मग वातावरण निवळावं म्हणून म्हणाले, “दोन गोळे म्हणजे दोन माणसं झाली, डॉक्टर. ही एकटी होती तेव्हाच मला भारी पडत होती.”

डॉक्टर हसले, पण लगेच गंभीर झाले. हा चुरा जिवंत नसतो, ते म्हणाले. तो नुसता जागा धरून बसतो. बाईंचं स्वतःचं हाड त्यात कडेकडेनं शिरेल, परकं हाड थोडं थोडं संपवेल आणि त्या जागी आपलं रचत जाईल. याला महिने लागतात, पुरतं व्हायला वर्ष, दोन वर्षंही. तोवर तो कप त्या चुऱ्याच्या भरवशावर. पहिले सहा आठवडे त्या पायावर फक्त पंधरा किलो. मग तीस-पस्तीस. मग बघू.

“आणि हाड शिरलंच नाही तर?” बाईंनी विचारलं.

“तर कप पुन्हा सैल होईल. आणि तिसऱ्यांदा बसवायला मागे काही उरलेलं नसेल.”

म्हणजे चाकाची खुर्ची. बाईंनी तो शब्द त्यांच्याकडून वदवून घेतला नाही. त्यांना एकदम आपली पेटी दिसली, भिंतीला टेकवलेली, धूळ खात. बाजारातले सगळे काटे बिनबोभाट चोऱ्या करतायत आणि आपण खिडकीत बसून बघतोय. पण चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही हा जुना बाणा, म्हणून त्या म्हणाल्या, “पंधरा ना? पंधरा म्हणजे पंधरा.”

ऑपरेशन नीट पार पडलं. तिसऱ्या दिवशी व्यायाम शिकवणारी फिजिओ आली. उत्साही पोरगी होती, आल्या आल्या काकू-काका करायला लागली. तिनं बाथरूममध्ये ठेवतात तसला एक छोटा काटा जमिनीवर ठेवला आणि सांगितलं, “काकू, वॉकर घट्ट धरा. डावा पाय यावर ठेवून हळूहळू दाबा. पंधरावर आला की थांबा. तेवढा दाब पायाच्या लक्षात राहिला पाहिजे.”

बाईंनी दाबलं नाही. त्या काट्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “यावर आधी माझी पिशवी ठेव.”

पिशवीत पितळेचं दोन किलोंचं वजन होतं. दवाखान्यात येताना लोक फुलं आणतात, पुस्तकं आणतात. बाईंनी ते आणलं होतं. काट्यानं दीड किलो दाखवलं. पोरगी ओशाळली. काटा नवाच आहे, म्हणाली. बाई म्हणाल्या, “नवा चोर जुन्यापेक्षा बरा असतो असं थोडंच आहे?” आणि दुसऱ्या दिवशी मास्तर घरचा प्लॅटफॉर्म काटा हातगाडीवर घालून वॉर्डात घेऊन आले. नर्स कपाळाला हात लावून बसली.

पण त्यानंतर बाईंनी जे केलं ते त्या वॉर्डात कुणीच केलं नव्हतं. बाकीचे पेशंट पंधरा म्हणून तीस दाबत, नाहीतर घाबरून पाय उचलत. बाईंचा पाय दोन दिवसांत शिकला. न बघता दाबायच्या आणि सांगायच्या, “चौदा आठशे.” काट्यावर चौदा आठशे. फिजिओ इतर पेशंटना त्यांचं उदाहरण द्यायला लागली, त्यामुळे वॉर्डात बाई बऱ्यापैकी अप्रिय झाल्या.

घरी आल्यावर तीन आठवडे असेच छान गेले. घर म्हणजे पुढची खोली आणि मागची खोली. पुढच्या खोलीत एका भिंतीला मास्तरांचं मशीन, त्यावर छतापर्यंत कापडाच्या ताग्यांच्या फळ्या. समोरच्या भिंतीला बाईंची खुर्ची, शेजारी वॉकर, पायाशी काटा. दिवसभर दोघं एकमेकांच्या तोंडासमोर. बाई वजनं पुसत, मास्तर शिवताना गुणगुणत आणि बाई त्यांचा सूर कुठे घसरला ते सांगत.

मास्तरांनी स्टुलावर चढायचं नाही असा लेकीचा हुकूम होता. वय सत्तर, डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेला, आणि स्टूल मास्तरांहून म्हातारं. लेक दुसऱ्या गावात राहायची, पण हुकूम फोनवरूनही चालत असे. चौथ्या आठवड्यात एका सकाळी एक गिऱ्हाईक कोटाला घाई करत होतं आणि तपकिरी अस्तर नेमकं सगळ्यात वरच्या फळीवर. मास्तर म्हणाले, “एक मिनिटाचं काम.” जगातले निम्मे अपघात या तीन शब्दांनी सुरू होतात.

बाईंनी “अहो, नको” म्हणेपर्यंत ते वर होते. तागा हाताला लागला, ओढला, आणि स्टूल एका बाजूला कललं. मास्तर तागा सोडायला तयार नाहीत, तागा फळी सोडायला तयार नाही. पुढे काय झालं ते बाईंना नंतर तुकड्यातुकड्यांनी आठवलं. वॉकर जागेवरच होता. त्या मात्र खोलीच्या पलीकडच्या टोकाला उभ्या होत्या आणि मास्तर त्यांच्या मिठीत होते, तपकिरी अस्तरासकट.

दोघंही हलले नाहीत. दोघंही खाली बघत होते, बाईंच्या डाव्या पायाकडे. पाय जमिनीवर सपाट टेकलेला होता.

“किती?” मास्तरांनी अगदी हळू विचारलं.

हिशोब सोपा होता. बाईंचे बासष्ट आणि मास्तरांचे अठ्ठावन्न. एकशेवीस, आणि वर हिसका. पण बाई म्हणाल्या, “काही नाही. बहुतेक उजव्यावरच होते मी.”

मास्तरांनी त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, आणि मग स्वतःच जमिनीवर बसकण मारली. म्हणाले, “डॉक्टरांना सांगायला हवं.” बाई म्हणाल्या, “मग लेकीला कळेल, ती धावत येईल, आणि तुमचं मशीन विकून टाकेल. काही झालेलं नाही म्हणते ना.” त्यांना लेकीची भीती नव्हती. उद्या कप सैल झालाच, तर हा माणूस उरलेलं आयुष्य आपल्या खुर्चीकडे बघत काढेल आणि मनात म्हणत राहील की हे मी केलं. ती गोष्ट बाईंना खुर्चीपेक्षा जड वाटली.

त्या दिवसापासून मास्तर गुणगुणायचे थांबले. संध्याकाळी त्यांनी करवत आणली आणि स्टुलाचे चारी पाय कापले. शिंप्यानं केलेली सुतारकी ती; एकही पाय दुसऱ्याएवढा झाला नाही.

आणि बाईंनी काय केलं, तर त्यांनी पासंग बांधला. जुन्या तराजूत एक पारडं जड असलं की दुसऱ्याला दगडाचा तुकडा बांधून दांडी समान करतात, तो पासंग. बाईंनी विचार केला की एकशेवीसमधून हक्काचे पंधरा वजा केले, उरले एकशेपाच. रोज पंधराच्या जागी शून्य टाकलं तर सात दिवसांत फिट्टंफाट. हिसक्याचे आणखी सात धरू. चौदा दिवस त्यांनी डावा पाय जमिनीला टेकवल्यासारखा केला, पण टेकवला नाही. पारंगत पाय होता तो, शून्यही अचूक काढायचा. कुणाला शंका आली नाही.

हाडाला असली बेरीज-वजाबाकी कळत नसते, हे आपल्याला कळतं. बाईंना कळलं नाही, कारण त्यांच्या आयुष्यात आजवर ज्याचा तोल गेला ते सगळं याच रीतीनं ताळ्यावर आलं होतं. चौदा दिवस संपले. पंधराव्या दिवशी पाय टेकवायची वेळ आली आणि त्यांना घाम फुटला. आणखी दोन दिवस, त्या म्हणाल्या. मग आणखी चार. पुढे पुढे हिशोब संपला आणि नुसती भीती उरली, तिला मात्र बाई हिशोबच म्हणत राहिल्या.

सहा आठवड्यांचा एक्स-रे झाला, डॉक्टर म्हणाले ठीक आहे, आता पस्तीसपर्यंत जा. तीन महिन्यांचा झाला तेव्हा मात्र ते बराच वेळ बघत राहिले.

“कप जागेवर दिसतोय. पण चुरा ऑपरेशनच्या दिवशी होता तसाच आहे. आत काही काम सुरू झाल्यासारखं दिसत नाही. वजन किती टाकता?”

“सांगितलं तेवढंच,” मास्तर घाईघाईनं म्हणाले. “एक ग्रॅम जास्त नाही.”

बाई गप्प बसल्या, आणि गप्प बसणं काही खोट्यात धरत नाहीत, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. बाहेर आल्यावर मास्तर पायऱ्यांवर थांबले. “त्या दिवसाचंच आहे हे,” ते म्हणाले. बाई म्हणाल्या, “चला, ऊन लागतंय.” ऊन नव्हतं.

पुढच्या आठवड्यात फिजिओ घरी आली. बाईंना चालायला लावलं, मागून बघितलं, पुढून बघितलं. मग अचानक दाराशी जाऊन बाईंच्या चपला उचलल्या आणि उलट्या केल्या. ऑपरेशनच्या वेळी घेतलेला नवा जोड. उजव्या चपलेचा तळवा गुळगुळीत झाला होता. डावीवरची नक्षी दुकानात होती तशी कोरी करकरीत.

“काकू,” ती म्हणाली, “हा पाय हवेतच आहे.”

मास्तरांचं मशीन सुरू होतं. बाई मशीनकडे बघत राहिल्या. मग मान खाली घालून, दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तसं त्यांनी सगळं सांगून टाकलं. स्टूल, अस्तर, एकशेवीस, पासंग, चौदा दिवस. मशीन केव्हा थांबलं ते त्यांना कळलं नाही.

“तू मला म्हणालीस उजव्यावर होते,” मास्तर म्हणाले.

“‘बहुतेक’ म्हणाले होते.”

फिजिओनं तिथूनच डॉक्टरांना फोन लावला आणि मोठ्या आवाजावर ठेवला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “बाई, हाडाला भार कळला तरच ते कामाला लागतं. ज्या हाडावर काही पडत नाही ते म्हणतं, मी कशाला राबू? तुम्ही त्याला दोन महिने भरपगारी सुट्टी दिलीत. उद्यापासून तीस टाका, आठवड्याला पाच वाढवा.”

“आणि ते एकशेवीस?”

“एका पावलाचं एवढं धरून बसू नका. पंधरा सांगितलं की लोक पंचवीस-तीस टाकतातच. ते धरूनच आम्ही पंधरा सांगतो.”

खोलीत टाचणी पडली असती तर ऐकू आली असती, आणि त्या खोलीत टाचण्यांना तोटा नव्हता. बाईंचा चेहरा लाल झाला.

“म्हणजे तुमचे पंधरा खरे पंधरा नव्हते,” त्या फोनला म्हणाल्या. “आणि मी बसलेय चौदा आठशे मोजत.”

मास्तरांना दोन महिन्यांत पहिल्यांदा हसू फुटलं. ते तोंड फिरवून हसले, पण खांदे हलत होते. “डॉक्टरसुद्धा माया ठेवतात,” ते म्हणाले. बाई त्या दिवशी त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी तीस किलो टाकायचे होते. आता तुम्हाआम्हाला वाटेल, त्यात काय. पण काट्यावर पाय ठेवला आणि तो पंधरावर अडला. पुढे जाईचना. बाईंनी डोळे मिटले, दात आवळले, वॉकर असा धरला की बोटं पांढरी पडली. सोळा. सतरा. पाय लटलटायला लागला. आत कुठेतरी दोन परक्या माणसांची हाडं भुग्यासारखी बसली आहेत आणि आपण त्यांच्यावर उभं राहतोय, हे मनातून जाईना.

“मला भीती वाटते हो,” त्या म्हणाल्या.

हे वाक्य मास्तरांनी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं. ते उठून समोर आले. उचलायला नाही, धरायलाही नाही, नुसते हात पुढे करून उभे राहिले, कोट अंगात घालून बघणाऱ्या गिऱ्हाइकासमोर राहतात तसे. म्हणाले, “तू टाक. काटा मी बघतो.”

बावीस. सव्वीस. “थांब, श्वास घे,” मास्तर म्हणाले. एकोणतीस. “झालं, तीस झालं.” बाईंनी डोळे उघडले, काट्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “एकोणतीस सहाशे आहे. डोळे दाखवून या आधी.”

तिथून गाडी रुळावर आली. आठवड्याला पाच किलो. मध्ये मास्तरांनी खरोखर डोळे दाखवले आणि मोतीबिंदू काढून घेतला. लेकीला सगळं कळलं, ती आली, दोघांना एका ओळीत बसवून बोलली आणि खुजं झालेलं स्टूल बघून हसत परत गेली. सहाव्या महिन्याच्या एक्स-रेत चुऱ्याच्या कडा धूसर झाल्या होत्या. धूसर म्हणजे चांगलं, डॉक्टर म्हणाले. म्हणजे तुमचं हाड आत शिरायला लागलंय. धूसर गोष्ट चांगली असू शकते हे बाईंना पचायला जड गेलं, पण त्यांनी ते पचवलं. वॉकर गेला, काठी आली. काठी घेऊन त्या पहिल्यांदा बाजाराच्या तोंडाशी गेल्या तेव्हा दोन दुकानदारांनी दुरून पाहून पारडी पुसली.

मास्तर मात्र पुरते सावरले नाहीत. हसत, बोलत, काम करत. पण बाई उठल्या की त्यांची नजर डाव्या पायावर जाई, आणि जिना आला की ते दोन पायऱ्या खाली उभे राहत. एखादं गिऱ्हाईक सहज विचारी, “बाई कशा आहेत?” की ते म्हणत, “बरी आहे. माझ्यामुळे जरा लांबलं.” प्रत्येक एक्स-रेच्या आदल्या दिवशी त्यांना जेवण जात नसे. बाई बघत होत्या. डॉक्टर एका पावलाचं धरून बसू नका म्हणाले होते, पण काही झालं नाही, असं त्यांनी कुठे म्हटलं होतं? तेवढा एक शब्द मिळाला असता तर माणूस सुटला असता.

वर्षाच्या तपासणीला मास्तर आत आलेच नाहीत. बाकावर बसून म्हणाले, “तू जा. मला जरा दम लागलाय.” दम लागायला ते लिफ्टनं आले होते.

आत डॉक्टरांनी वर्षभरातले सगळे एक्स-रे पडद्यावर शेजारी शेजारी लावले होते. पहिल्यात कपामागे पांढऱ्या दाण्यांचा ढीग. शेवटच्यात दाणे नव्हतेच. आरपार एकसारखं हाड होतं, त्यात बारीक रेघा, कपापासून थेट वरच्या हाडापर्यंत गेलेल्या.

“हे तुमचं हाड,” डॉक्टर म्हणाले. “अजून थोडं परकं उरलं असेल, पण भार आता तुमचंच पेलतंय. पेटी उचला. पाच किलोंच्या वर नको. आणि हे मी खरे पाच सांगतोय.”

बाई त्या रेघांकडे बघत राहिल्या. डोळे भरून आले आणि रेघाही धूसर झाल्या. मग डोळे पुसून त्यांनी तो प्रश्न विचारला. “त्या उडीनं काही झालं होतं का?”

डॉक्टरांनी पडद्यावर दोन एक्स-रे मोठे केले, ऑपरेशननंतरचा आणि सहा आठवड्यांचा. “तेव्हा एकट्या फिल्मवरून कळलं नव्हतं. आता सगळ्या शेजारी ठेवल्यावर मोजता येतं. या दोन फिल्मांच्या मध्ये कप दोन मिलिमीटर वर सरकलाय. नंतर मात्र तिथेच थांबला, आणि हाडानं त्याला तिथेच धरलं.”

“म्हणजे त्या दिवशीच.”

“असेल. नसेलही. चुरा सुरुवातीला थोडा बसतोच, काही झालं नसतानाही. सांगता येणार नाही. आता त्यानं काही फरक पडत नाही.”

दोन मिलिमीटर. बाई काठी घेऊन उठल्या. दारापर्यंत पोचेपर्यंत त्यांनी तो आकडा मनात चार वेळा उलटासुलटा करून पाहिला.

बाहेर मास्तर बाकावर बसले होते. उगाच एका चपलेचा पट्टा सोडत होते आणि लावत होते. बाई आल्या तसे उभे राहिले, पण तोंडाकडे बघेनात.

“हाड आलं,” बाई म्हणाल्या. “आरपार. पेटी उचला म्हणाले.”

मास्तरांनी मान हलवली. चपलेचा पट्टा तसाच सुटलेला होता. “आणि त्या दिवसाचं? विचारलंस का?”

“विचारलं.”

“काही सरकलं होतं?”

“काही नाही,” बाई म्हणाल्या. “केसभरही नाही. त्यांनी मोजून दाखवलं.”

मास्तरांनी आता वर बघितलं. वर्षभर ज्या नजरेनं पायाकडे बघायचे, त्याच नजरेनं त्यांनी बाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं. “नक्की ना?”

बाईंनी काठी दुसऱ्या हातात घेतली, डाव्या पायावर सगळा भार दिला आणि सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून विचारलं, “मी आजवर कधी चुकीचं माप सांगितलंय तुम्हाला?”

“नाही,” मास्तर म्हणाले. ते पुन्हा बाकावर बसले, दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि खूप वेळ रडले.